दीड इंचाचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात महिंद्राची जुनी सीजे ३बी जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली आहे. इंजिन झालंय, रंग व्हायचाय, आणि मालकाला ३१ इंची टायर हवेत. मूळ चाक ६.००-१६, उंचीला साधारण २९ इंच, अंगाने सडपातळ. नवा टायर साडेदहा इंच रुंद. तो मूळच्या जागी बसवला, तर स्टेअरिंग पूर्ण फिरवताच आतली कड स्प्रिंगच्या पाट्यांना घासणार. त्यासाठी मालकाने दीड इंच बाहेर निघणाऱ्या रिमा आणल्यात. गाडीला रुबाब आला खरा, पण मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली आहे.

चाक वळतं ते किंगपिनच्या रेषेभोवती. ही रेष सरळ उभी नसते. या जीपमध्ये तिचं वरचं टोक साडेसात अंश आत कललेलं असतं. ती खाली वाढवली की जमिनीला जिथे टेकते, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. टायर उंच झाला की तिरकी रेष बाहेर सरकून थोडं अंतर परत देते, पण त्रिज्येत वाढलेल्या दर इंचाला जेमतेम ३ मिलीमीटर. रिमेने मात्र ३८ मिलीमीटर खाल्लेत. चाकाला दगड लागला, एका बाजूचा ब्रेक आधी धरला, की त्या धक्क्याची तरफ तेवढीच लांब होते. धक्का हातात येतो आणि किंगपिनच्या बेअरिंगांवरही बसतो.

हाताखालचा पोरगा दोन्ही चाकं जोडणारा टाय रॉड फिरवायला निघतो, तर मिस्त्री अडवतात. ‘आधी प्ले काढ. हलत्या चाकाला माप लावून काय उपयोग?’ चाक वर-खाली धरून हलवलं की किंगपिन बोलते. शिमा काढत-घालत बेअरिंग बसवायचं, मग आर्मला स्प्रिंगकाटा लावून किती ओढ लागते ते बघायचं. हे काम वेळखाऊ आहे, आणि बिलात दिसत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी टाळलं जातं. टायर मोठे केल्यावर साठाच्या वेगाला पुढचा अ‍ॅक्सल थरथरू लागतो, तेव्हा स्टेअरिंग डॅम्पर विकत घ्यायला लोक धावतात. थरथर दबते, ढिलाई तशीच राहते.

मग टो-इन. चाक उचलून फिरवायचं आणि टायरच्या मधोमध खिळ्याने रेघ ओढायची. गाडी खाली उतरवताना प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन पत्रे ठेवायचे, मधे भरपूर ग्रीस, म्हणजे टायर जमिनीला न अडखळता आपल्या जागी बसतो. पुढून आणि मागून दोन रेघांमधलं अंतर टेपने घ्यायचं. पुढचं दोन-एक मिलीमीटरने कमी हवं. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे, त्यामुळे मधला रॉड फिरवला की लांबी बदलते. संगणकी अलाइनमेंट मशीन जवळच आहे, पण अ‍ॅक्सलचा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागचा झुकाव, ते फक्त दाखवतं. गाडी उंच करताना अ‍ॅक्सल फिरून मूळचे तीन अंश कमी झाले असतील, तर पाट्याला पाचर घालायला पुन्हा इथेच यावं लागतं.

वळणावर आतलं चाक जास्त वळायला हवं, ही युक्ती घोडागाडीच्या काळातली. म्युनिकच्या लँकेन्स्परगरने ती काढली आणि १८१८ मध्ये लंडनमध्ये त्याचा प्रतिनिधी असलेल्या अ‍ॅकरमनच्या नावे पेटंट झाली. ८० इंची व्हीलबेसच्या या जिपेत बाहेरचं चाक २५ अंश वळलं, तर आतलं सुमारे ३२ अंश वळायला हवं. पण टायर आता पाट्यांजवळ जातोच, म्हणून मिस्त्री स्टॉप बोल्ट दोन आटे बाहेर काढतात. पाटे वाचतात, गल्लीत गाडी वळवायला रिव्हर्स घ्यावा लागणार.

कायद्याचं वेगळंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही मूळ रचना बदलण्याच्या आड येतात. मालक म्हणतो, ‘रस्त्यावर काढणारच नाही, फक्त डोंगरात.’

मिस्त्री पाना पुसतात. ‘मग डोंगरापतूर काय टेंपोत घालून न्हेणार व्हय?’