बंध तुटताना ऊर्जा मिळत नाही!

‘बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. तोडायला ऊर्जा मोजावी लागते. मिळते ती नवे बंध जुळताना.

पाइपने घरी येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक मोल मिथेन आणि दोन मोल ऑक्सिजन यांचे बंध तोडायला खर्च सुमारे २६५० किलोज्यूल. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होताना मिळतात जवळपास ३४५०. वरचे ८०० आपल्या चहाला! ही झाली उष्मादायी अभिक्रिया. (सुरुवातीचा खर्च लायटरची ठिणगी उचलते.)

नायट्रोजनचं उलटं. त्याचा तिहेरी बंध तब्बल ९४५ किलोज्यूलचा, म्हणून विजेच्या कडकडाटात नायट्रिक ऑक्साइड बनतो तोही दर मोलमागे ९० किलोज्यूल शोषूनच. उष्माग्राही!