माळ्यावरची जुनी पेटी

धान्याच्या घाऊक व्यापारात माझी चाळीस वर्षे गेली. पोत्याच्या वरच्या थरावर विसंबून सौदा करू नये, परखी खुपसून मधला दाणा पाहावा, ही शिकवण वडिलांनी मला पेढीवर बसविले त्याच दिवशी दिली. गतवर्षी तीच शिकवण नातवाकडून मला नव्याने घ्यावी लागली. तो प्रसंग सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

नातू अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. ‘‘आजोबा, मी हॅकिंगच्या स्पर्धेत उतरलो आहे,’’ असे तो म्हणाला, तेव्हा मी चपापलो. हॅकिंग म्हणजे परक्याच्या संगणकात शिरून केलेली चोरी, एवढेच मला ठाऊक होते. त्याने शांतपणे माझा गैरसमज दूर केला.

या स्पर्धेस ‘कॅप्चर द फ्लॅग’, म्हणजे निशाण हस्तगत करणे, असे नाव आहे. अमेरिकेत लास व्हेगास येथे भरणाऱ्या ‘डेफकॉन’ संमेलनात ती १९९६ पासून होत आली आहे. संयोजक मुद्दाम सदोष ठेवलेला प्रोग्रॅम अथवा सांकेतिक लिपीतील मजकूर देतात. त्यात एक गुप्त अक्षरमाला दडविलेली असते. ती शोधून कळविली की गुण मिळतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक संघ स्वतःचा संगणक राखतो आणि प्रतिपक्षाच्या संगणकातील उणीव हुडकतो. कुस्ती खरी, परंतु आखाड्यातली; रस्त्यावरील मारामारी नव्हे.

नवशिक्याने प्रारंभ कोठून करावा? लिनक्सवर हात बसण्यासाठी ‘ओव्हरद वायर’चा ‘बँडिट’ हा खेळ उत्तम. तदनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ साली सुरू केलेली ‘पिकोसीटीएफ’ ही स्पर्धा घ्यावी. ती विनामूल्य असून तिची जुनी कोडी सरावास खुली असतात. आपल्या देशातील विद्यार्थीही या विद्येत मागे नाहीत. केरळातील अमृतपुरी येथील अमृता विश्वविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा ‘बायोस’ संघ या क्षेत्रात नावाजलेला आहे.

या स्पर्धांतील एक अंग म्हणजे ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’. तयार वस्तू उकलून ती कशी घडविली हे ओळखणे, असा त्याचा अर्थ. त्यासाठी नातवाने जुने यंत्र मागितले. दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेला वायफायचा राउटर मी त्याला दिला.

त्याने झाकण काढले. आतील हिरव्या पट्टीवर चार टाचण्यांची ओळ होती. कारखान्यात यंत्र तपासण्यासाठी ठेवलेली ती वाट. काही शे रुपयांचा एक जोडक तीन पूर्णांक तीन व्होल्टवर ठेवून त्याने केवळ तीन तारा जोडल्या. विजेची चौथी तार जोडली नाही. प्रथम पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटली. वेग १,१५,२०० वर आणताच यंत्र स्वतः कसे जागे होते, हे ओळीओळीने वाचता येऊ लागले. नंतर आठ पायांच्या स्मृतिचिपेतील मजकूर त्याने उतरवून घेतला आणि ‘बिनवॉक’ या साधनाने त्याचे भाग निराळे केले. आतील प्रोग्रॅमची उकल करण्यास त्याने ‘घिड्रा’ वापरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ते २०१९ साली सर्वांस विनामूल्य खुले केले आहे.

आणि त्या मजकुरात, कोणतेही कुलूप न लागलेला, आमच्या दुकानाचा पासवर्ड सापडला!

दुकानाचे नाव आणि टेलिफोनचे शेवटचे चार आकडे. तोच पासवर्ड मी हिशेबाच्या ई-मेलसही ठेवला होता. तशाच दोन पेट्या मी त्यापूर्वी भंगारवाल्यास किलोच्या भावाने विकल्या होत्या! त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी सर्व पासवर्ड बदलले. नुकसान झाले नाही. परंतु त्याचे श्रेय माझ्या शहाणपणास नाही.

तरुणांनी एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये मालकाच्या परवानगीवाचून संगणकात अप्रामाणिकपणे शिरणे हा अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वापरातील वजनकाट्याचे सरकारी सील तर कदापि तोडू नये. अभ्यासास यंत्र आपले असावे, अथवा मालकाने स्वेच्छेने दिलेले असावे. न दिलेले घेणे यास आपल्या शास्त्रात ‘अदत्तादान’ म्हटले आहे; या विद्येची सीमारेषाही तीच. दिलेले उघडणारा विद्यार्थी, न दिलेले उघडणारा चोर.

सभासद बंधूंना माझी विनंती आहे. जुना राउटर, कॅमेऱ्याची पेटी अथवा बिलाचे यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यातील नोंदी पुसून मूळ स्थितीत आणाव्यात, आणि तोच पासवर्ड अन्यत्र असल्यास प्रथम तो बदलावा. घरात एखादे जिज्ञासू मूल असेल, तर ती पेटी आणि एक स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हाती द्यावा. विजेशी जोडलेली पेटी उघडू नये, एवढे बजावावे. भंगाराचे दहा-वीस रुपये बुडतील खरे. पण मधला दाणा पाहण्याची सवय पुढील पिढीस लागेल.