विलास सारंग यांच्या साहित्यातील एकाकीपण

एमान्युएल बोव्ह (१८९८–१९४५) या फ्रेंच कादंबरीकाराचे नाव आपल्याकडे फारसे ऐकिवात नाही. त्याच्या ‘माझे मित्र’ (१९२४) या कादंबरीचा नायक युद्धात जखमी झालेला सैनिक आहे. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगत तो पॅरिसमध्ये मित्र शोधत फिरतो आणि एकटाच राहतो. मृत्यूनंतर बोव्ह विस्मृतीत गेला. पुढे पेटर हांडके याने त्याचे जर्मन अनुवाद केले, तेव्हा त्याच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

मराठीत या जातीचे एकाकीपण विलास सारंग (१९४२–२०१५) यांनी मांडले. त्यांचाही वाचकवर्ग मर्यादितच राहिला. ते मूळचे कारवारचे व इंग्रजीचे प्राध्यापक. अध्ययन-अध्यापनाच्या निमित्ताने मुंबई, अमेरिका, इराक, कुवेत येथे त्यांचे वास्तव्य झाले. ‘सोलेदाद’ (१९७५) या कथासंग्रहाच्या स्पॅनिश नावाचा अर्थच एकाकीपण. ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही कादंबरी इराकमधील बसरा येथे शिकवायला गेलेल्या भारतीय तरुणाची आहे. एन्की हा प्राचीन सुमेर संस्कृतीचा देव. पण नायकाच्या वाट्याला येतो तो बाथ पक्षाच्या हुकूमशाहीतला इराक.

सारंगांवर काफ्का, बेकेट यांचा प्रभाव होता. साहजिकच देशीवादाची चर्चा जोरात असताना त्यांचे लेखन परकीय वळणाचे ठरले. हा आक्षेप अपुरा आहे. त्यांचे एकाकीपण केवळ ग्रंथांतून आलेले नाही. ते भाषा आणि देश यांच्या सीमेवर राहण्यातूनही आले आहे. ते मराठीत लिहीत आणि स्वतःच इंग्रजीत आणत. दोन्हीकडे वावरणारा लेखक कोणत्याही एका परंपरेत सहज सामावत नाही.

पांढुर्णा व सौंसर येथील अध्यापकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. येथे घरात मराठी, कार्यालयात हिंदी आणि काही कुटुंबांत उर्दू अशी स्थिती आहे. तीन भाषा जाणणारा विद्यार्थी पुष्कळदा आपली एकही भाषा ‘शुद्ध’ नाही असे समजून वर्गात गप्प बसतो. हे गप्प बसणेही एकाकीपणच आहे. ‘अस्तित्ववाद’ची व्याख्या फळ्यावर लिहून देण्याआधी सारंगांची एखादी कथा वर्गात वाचावी आणि विद्यार्थ्यांना आपल्या भाषेत बोलू द्यावे. व्याख्या नंतरही शिकवता येते.