बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, मग एफवायला काय? नगर जिल्ह्यातून पहिल्यांदा कॉलेजला निघालेल्यांसाठी

कॉलेज सुरू झालं की माळीवाडा आणि तारकपूर बसस्थानकावर पासच्या खिडकीसमोर रांग लागते. त्या रांगेत एक प्रसंग दरवर्षी घडतो. बारावी झालेली एखादी मुलगी खिडकीपाशी येते. आतून प्रश्न येतो, "कितवीला?" ती सांगते, "एफवाय." आणि मग तिला कळतं की आजवर फुकट मिळणाऱ्या पासचे आता पैसे भरायचे आहेत.

तर गोष्ट अशी आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास मिळतो, तो अहिल्यादेवी होळकर योजनेतून. ही योजना बारावीपर्यंतच आहे. ज्यांच्या नावाने ती आहे त्या अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं. पण चोंडीची मुलगी बारावी पास झाली की तिचा मोफत पास बंद. खेड्यापाड्यात मुलींचं शिक्षण नेमकं याच टप्प्यावर थांबतं, आणि घरात थांबवायला कारण शोधणारं कुणी असेल तर बसभाडं हे तयार कारण असतं.

म्हणून आधी बसचा हिशेब करू. बाकीचं नंतर.

पास की अर्धं तिकीट?

कॉलेजच्या विद्यार्थ्यांना, मुलगा असो वा मुलगी, एसटीच्या मासिक पासवर ६६.६६ टक्के सवलत आहे. म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे. समजा गावाहून नगरचं एका बाजूचं तिकीट ६० रुपये आहे. येऊन-जाऊन १२०, तीस दिवसांचे ३,६००. त्याचा एक तृतीयांश म्हणजे साधारण १,२०० रुपयांचा पास.

आता दुसरी बाजू. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत सरसकट अर्धं तिकीट आहे. त्याच मुलीला पास न काढता रोज येऊन-जाऊन ६० रुपये लागतील. वीस दिवस कॉलेज झालं तर १,२००. म्हणजे महिन्यात वीसपेक्षा जास्त दिवस जाणार असाल तर पास स्वस्त आणि कमी दिवस जाणार असाल तर अर्धं तिकीट स्वस्त. भाडं कितीही असलं तरी हा वीस दिवसांचा हिशेब बदलत नाही. गणपती, दिवाळी, परीक्षेआधीच्या सुट्ट्या असलेल्या महिन्यात पास काढून मुलींचं नुकसानच होतं, हे खिडकीवर कुणी सांगत नाही. मुलांना अर्ध्या तिकिटाची सोय नाही. त्यामुळे दहा दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर मुलग्यांना पासच परवडतो.

मी पाथर्डी तालुक्यातून नगरला एफवायला जायचे तेव्हा हे अर्धं तिकीट नव्हतं. आमच्या आण्णांनी पहिल्या महिन्याचा पास काढून दिला आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू." ते "बघू" तीन वर्षं चाललं, पण दर महिन्याला ते नव्याने म्हणायचे. म्हणून सांगते, वर्षभराच्या भाड्याचा आकडा जूनमध्येच कागदावर मांडून घरच्यांना दाखवा. दर महिन्याला नव्याने परवानगी मागायची वेळ येऊ देऊ नका.

पुण्यातच जायला हवं का?

हा प्रश्न घराघरात असतो. एक साधी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नगर, पुणे आणि नाशिक हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात. बीए, बीकॉम, बीएस्सीची पदवी पुण्यातल्या कॉलेजातून घ्या की संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावातून, विद्यापीठ तेच. अहमदनगर कॉलेज १९४७ सालचं, संगमनेर कॉलेज १९६१ सालचं. हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या पोराला (विदर्भातलं अकोला नाही, आपलं अकोले) नगरपेक्षा नाशिक जवळ पडतं.

पुण्याला जाण्यात फायदे आहेतच. क्लासेस, इंटर्नशिप, नवी माणसं. पण कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि डिपॉझिट धरून वर्षाचा खर्च काढा आणि मग ठरवा. फक्त "पुण्यात शिकतो" म्हणता यावं म्हणून जाणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्या ओळखीत दुसऱ्या सेमला परत आले.

प्रवेश घेतल्यानंतर दुसरीकडे नंबर लागला तर? कृषी, फार्मसी, इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे असं खूपदा होतं. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार कॉलेजला तुमची मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. ती तपासून परत द्यायची असतात. फी परत मिळण्याचेही टप्पे त्यात ठरले आहेत. प्रवेशाची शेवटची तारीख उलटून पंधरा दिवसांच्या आत प्रवेश रद्द केला तर ८० टक्के, पंधरा ते तीस दिवसांत ५० टक्के आणि त्यानंतर काही नाही. त्या तारखेच्या आधी रद्द केला तर ९० ते १०० टक्के. नंतरच्या वर्षांत यूजीसीने वेगळ्या, जास्त सवलतीच्या तारखाही दिल्या होत्या, म्हणून यंदाचं परिपत्रक आधी बघा. अर्ज लेखी द्या आणि पोचपावती घ्या. तोंडी सांगितलेल्याचा काही उपयोग नाही.

टाइमटेबलवरची ती अक्षरं

पहिल्या दिवशी वेळापत्रक हातात पडतं आणि त्यावर ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असं काहीतरी लिहिलेलं असतं. मोठा भाऊ-बहीण पदवीधर असले तरी त्यांना यातलं काही सांगता येणार नाही, कारण त्यांच्या वेळी हे नव्हतंच. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून लागू झाला.

सोपं करून सांगते. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, पदवी त्यातली. मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम विषय. ओई म्हणजे तुमच्या शाखेबाहेरचा विषय: विज्ञानवाल्याने वाणिज्य किंवा कला शाखेतला घ्यायचा, कलावाल्याने बाहेरचा. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर. एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा (पर्यावरण वगैरे त्यात येतं), आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा आणि सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक असे उपक्रम. तुमच्या कोर्सला मेजर कधी पक्का होतो, मायनर कधी सुरू होतो, मधे बदलता येतो का, हे तीन प्रश्न पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना विचारा.

या सगळ्याचं मोजमाप क्रेडिटमध्ये. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रॅक्टिकलचं तीस तास. एका सेमला २० ते २२ क्रेडिट, वर्षाला ४० ते ४४. म्हणजे दोन क्रेडिटचा "बारका" पेपर बुडवला तरी क्रेडिट कमीच पडतात. पोरं मेजरचा अभ्यास करतात आणि या बारक्या पेपरांत अडकतात.

ओई निवडताना "सोपा कोणता" यापेक्षा "नियमित शिकवला जातो कोणता" हे सीनियरना विचारा.

आता खरी काळजीची गोष्ट. या धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडता येतं. क्रेडिट पूर्ण असतील आणि त्यावर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. ज्याला नाइलाजाने शिक्षण सोडावं लागतं त्याचं वर्ष वाया जात नाही, हे चांगलंच आहे. पण गावात याचा दुसरा अर्थ निघतो. "एका वर्षात सर्टिफिकेट मिळतंय ना, मग बास की!" असं म्हणत स्थळ बघायला सुरुवात होते. मुलींनो, घरी नीट सांगा: प्रमाणपत्र म्हणजे पदवी नाही. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, बँकेच्या पीओ परीक्षेला पदवी लागते. सोडावंच लागलं तर क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये साधारण सात वर्षं जमा राहतात आणि परत येता येतं. म्हणून त्याचा आयडी, आता ज्याला अपार आयडी म्हणतात तो, डिजिलॉकरवरून काढून ठेवा. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर गाडं इथेच अडतं. आधी आधार दुरुस्त करा.

शिष्यवृत्ती मंजूर, पण पैसे कुठे गेले?

महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज पुष्कळ जण भरतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम, ओबीसींना आधार योजना आहे. तुमच्या कोर्सला कोणती लागू ते पोर्टलवर दिसतं. एक गैरसमज मात्र काढून टाका. जुलै २०२४ मध्ये मुलींना शंभर टक्के फीमाफीचा निर्णय झाला तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांसाठी आणि आठ लाखांच्या उत्पन्नाच्या अटीवर. माफ होते ती शिक्षण आणि परीक्षा फी. हॉस्टेल-मेस त्यात नाही.

अर्ज भरून काम संपत नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. काही चुकलं तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि तुम्ही पोर्टल उघडलंच नाही तर तसाच पडून राहतो. आठवड्यातून एकदा स्टेटस बघा.

आणि खातं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार लिंक झालं असं आपण समजतो. केवायसीला आधार देणं वेगळं आणि शासनाचे पैसे येण्यासाठी एनपीसीआयच्या यादीत खातं जोडणं, म्हणजे आधार सीडिंग, वेगळं. एका आधारला एकच खातं तिथे जोडलेलं असतं आणि शेवटचं जोडलेलं असेल तिथे पैसे जातात. मी पहिल्या वर्षी कॉलेजजवळ नवीन खातं उघडलं, फॉर्मवर जिथे सांगितलं तिथे सह्या केल्या आणि सीडिंग तिकडे गेलं. शिष्यवृत्तीचे पैसे त्या खात्यात पडून होते आणि मी चार महिने गावच्या बँकेत पासबुक भरून घेत होते! कोणतं खातं जोडलंय ते आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दोन मिनिटांत कळतं.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात त्यांनी अजून एक करावं. गाळप सुरू होताना टोळ्या निघतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, त्याला वडिलांची सही आणि कागद लागतात. ते कारखान्यावर गेले की मग फोनवरून ओटीपी विचारत बसावं लागतं. दाखले दसऱ्याच्या आधी काढा. रेशनकार्ड, जातीचा दाखला, आधार, सगळ्याचे स्कॅन डिजिलॉकरला किंवा स्वतःच्या मेलवर ठेवा. आणि वडिलांच्या आधारला जोडलेलं सिम चालू आहे ना, तेही बघा.

खर्चाला हातभार म्हणून कॉलेजमध्ये "कमवा आणि शिका" योजना आहे का ते विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ही योजना विद्यापीठाची आहे. ग्रंथालय, कार्यालय, बागेत तासाप्रमाणे काम मिळतं. जागा थोड्या असतात, अर्ज लवकर द्या.

इंग्रजी आणि रॅगिंग

मराठी शाळेतून आलेल्यांना पहिले दोन महिने वर्गात काही कळत नाही. हे सगळ्यांचं होतं, फक्त कुणी बोलत नाही. कला आणि वाणिज्यच्या बऱ्याच पेपरांना मराठीतून उत्तरं लिहिता येतात, ते विचारून घ्या. बीएस्सीवाल्यांनी एक वही फक्त शब्दांची करावी.

रॅगिंग म्हणजे मारहाणच असं नाही. रात्री उठवून गाणं म्हणायला लावणं, जातीवरून किंवा बोलीवरून हिणवणं हेही त्यातच येतं. महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची. तक्रार आल्यावर प्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. फारच एकटं वाटत असेल, झोप लागत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिली परीक्षा. अंतर्गत मार्क वर्षभर थोडे थोडे मिळतात आणि ते रीपीट करून मिळवणं जिकिरीचं असतं, त्यामुळे असाइनमेंट वेळेत द्या. पेपरच्या दिवशी मात्र रोजच्या गाडीच्या आधीची गाडी धरा. माझ्या पहिल्याच पेपरला करंजी घाटात एक ट्रक आडवा झाला होता. आधीच्या गाडीने गेलेल्या दोघी वर्गात बसल्या होत्या आणि आम्ही अकरा जणी घाटात उभ्या होतो.