लिहा, पण एवढं माहीत असू द्या : ऑनलाइन लिहिणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी कायद्याची तोंडओळख



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ओळखीतल्या एका मॅडमनी गळक्या वर्गाचा फोटो आणि खाली चार ओळी फेसबुकवर टाकल्या. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपायच्या आत त्यांना तीन फोन आले. "मॅडम, आधी ते काढा. केस होईल." मॅडम घाबरल्या. ती पोस्ट तर त्यांनी काढलीच, पण तीन वर्षं लिहिलेल्या बालकविता आणि गणिताचे खेळसुद्धा काढून टाकले. त्यानंतर त्यांनी काहीच लिहिलेलं नाही.

फोन करणाऱ्या तिघांपैकी एकालाही नेमकी चूक कुठे झाली ते सांगता आलं नाही. कोणतं कलम? माहीत नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं. म्हणून मी वाचायला बसले. मी वकील नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. जे समजलं ते वर्गात सांगते तसं सांगते.

आधी पालघरची गोष्ट

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न विचारला. लोक आदरापोटी नाही, भीतीपोटी बंद पाळतात, असा त्याचा आशय होता. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट फक्त 'लाइक' केली. तिच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली आणि दोघींना अटक झाली. प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जामिनावर त्या सुटल्या. देशभर टीका झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे मुलींवरचा गुन्हाही टिकला नाही.

अटकेसाठी वापरलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ होतं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचा' किंवा 'अत्यंत आक्षेपार्ह' असा मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असं त्यात होतं. आता सांगा, त्रासदायक म्हणजे काय? माझ्या वर्गातल्या मुलांना रोजचा गृहपाठ त्रासदायक वाटतो!

या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६ अ हे संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पहिल्या दोन कोणाला कितीही झोंबल्या तरी त्यांना संरक्षण आहे. चिथावणीपाशी आलं की कायदा हस्तक्षेप करू शकतो. तरीही काही ठिकाणी या रद्द कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये ६६ अ खाली कोणावरही खटला चालवू नका, असं न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

मोकळीक किती आणि कुठपर्यंत?

संविधानाचं कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. कागदावर लिहा, फळ्यावर लिहा की मोबाइलवर, हक्क तोच. त्यावर बंधन घालायची कारणं कलम १९(२) मध्ये मोजून दिली आहेत : देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. 'साहेबांना आवडलं नाही' हे कारण या यादीत नाही.

यातली बदनामी तेवढी नीट समजून घ्या, कारण आपल्यासारख्यांचा संबंध तिच्याशी जास्त येतो. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. पण त्यालाही अपवाद आहेत. मजकूर खरा असेल आणि लोकहितासाठी प्रसिद्ध केला असेल तर ती बदनामी नाही. सार्वजनिक काम करणाऱ्याच्या त्या कामाबद्दल सद्भावनेने दिलेलं मतही बदनामी नाही. "शाळेचं छत तीन ठिकाणी गळतं" हे तपासता येणारं वाक्य आहे. "अमक्याने पैसे खाल्ले" हा आरोप आहे. पुरावा हातात नसेल तर दुसरं वाक्य लिहू नका.

नोकरीची वेगळी चौकट

इथे आपली गाडी अडते. नागरिक म्हणून जे चालतं ते कर्मचारी म्हणून चालेलच असं नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत आणि राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे नागरी सेवा वर्तणूक नियम. जुलै २०२५ मध्ये शासनाने समाजमाध्यमांच्या वापराबद्दल वेगळा शासन निर्णयही काढला. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका आणि गोपनीय कागद बाहेर टाकणं, ही त्यातली मुख्य अडचणीची ठिकाणं. याचा भंग झाला तर तुरुंग नाही, पण खात्याची कारवाई होऊ शकते. कविता, गोष्टी, पाठाच्या कल्पना, शैक्षणिक लेख यांना सहसा आडकाठी नसते. मॅडमनी आपल्या बालकविता काढायची काहीच गरज नव्हती.

मग गळक्या छताचं काय करायचं? गप्प बसायचं? नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि विषय शाळा व्यवस्थापन समितीत ठेवायचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. पालकहो, हे तुमच्यासाठी : सेवेचे वर्तणूक नियम आम्हाला आहेत, तुम्हाला नाहीत. छताबद्दल तुम्ही ठराव करू शकता आणि उघडपणे लिहूही शकता.

खरी चूक फोटोत होती

त्या फोटोत छताखाली सहा मुलं बसलेली होती. चेहरे स्पष्ट, गणवेशावर शाळेचं नाव. तिन्ही फोन करणाऱ्यांनी छताची काळजी केली, या सहा चेहऱ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा कडक आहे, आणि तो तसाच असायला हवा. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाचं नाव, पत्ता, फोटो आणि कुटुंबाचीच नाही तर शाळेची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही माहिती देण्यास पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने बंदी आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अडचणीत सापडलेल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करायला मनाई करतं. "मुलीला न्याय मिळावा म्हणून शेअर करतोय" असं म्हणत शाळेचं नाव पुढे पाठवणारा माणूससुद्धा गुन्हाच करत असतो.

रोजच्या फोटोंचंही तसंच जपून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. आपण त्याची वाट कशाला पाहायची? वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत एका कागदावर संमती घ्या. ज्यांनी 'नको' लिहिलं त्यांच्या मुलांना फोटोच्या वेळी वाईट वाटणार नाही असं बघा. सोपा उपाय म्हणजे मुलांच्या वह्या, हात, चित्रं यांचे फोटो घ्यायचे. चेहऱ्याची गरज फार थोड्या वेळा असते.

कविता कोणाची, कार्यपत्रिका कोणाची?

आपण सगळे सर्रास करतो ती चूक ही : आवडलेली कविता पूर्ण टाकायची आणि खाली 'साभार' लिहायचं. साभार म्हणजे परवानगी नव्हे. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं २०११ पासून सर्वांसाठी खुली आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. वर्गात शिकवण्यासाठी किंवा प्रश्नपत्रिकेसाठी उतारा वापरायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. पण वर्गातल्या चाळीस मुलांना देणं वेगळं आणि सगळ्या जगासाठी खुलं ठेवणं वेगळं. तिथे कवितेवर आपल्या शब्दांत लिहा, पूर्ण कविता उतरवू नका.

हाच कायदा तुमच्याही बाजूने आहे बरं का. तुम्ही घरी बसून तयार केलेल्या लेखावर किंवा कार्यपत्रिकेवर ती तयार झाल्या क्षणापासून तुमचा हक्क असतो, नोंदणीची सक्ती नाही. कोणी तुमचं नाव खोडून आपलं घातलं तर कलम ५७ खाली लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क तुम्ही मागू शकता. मूळ फाइल आणि तारीख जपून ठेवा. मात्र हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. 'काड्यांनी दशक शिकवणं' कोणाच्याच मालकीचं नाही!

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं काय?

"ग्रुपवर कोणी काही टाकलं तर ॲडमिन म्हणून मी अडकेन" ही भीती बऱ्याच जणांना असते. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेली योजना दिसली पाहिजे. तरीही चुकीचा मजकूर दिसला की तो काढणं हे आपलं काम आहेच.

नोटीस आलीच तर

पोस्ट घाईने पुसू नका, आधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. तोंडी धमकीवर उत्तर देऊ नका, "लेखी द्या" म्हणा. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं आहे. अशा वेळी पोलिसांनी सहसा हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती आली तर टाळू नका, वकिलांना घेऊन जा. अपवाद वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. आणि मूलभूत हक्कच डावलला गेला असं वाटलं तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्याच शहरात, जालना रोडवर आहे. मुंबईला जायची गरज नाही.

हे सगळं मी त्या मॅडमना एका रविवारी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मग कविता परत टाकू?" मी म्हटलं, टाका. छताचा अर्ज मुख्याध्यापकांकडे द्या, मुलांचे चेहरे घरी राहू द्या, आणि कविता टाका.

आपण मुलांना रोज सांगतो, 'मनातलं लिहा'. मग आपणच पेन खाली ठेवून कसं चालेल?