पेशीच्या पोटातील सोळा वर्षांचा प्रवास

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रा. फिलिप नेल्सन यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना जैवभौतिकी शिकवली आणि त्या अध्यापनातून 'बायॉलॉजिकल फिजिक्स' हे पाठ्यपुस्तक आकारास आले. अशा अभ्यासक्रमाच्या वर्गात निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी एकत्र बसतात. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रथिनांची लांबलचक नावे पाहून धडकी भरते, तर जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला फळ्यावरील गणित पाहून. ही भीती पहिल्या काही आठवड्यांत कशी ओसरते, हे विसरणाच्या एका उदाहरणावरून समजते.

पाण्यात रेणू सतत इतस्ततः धडपडत असतात. या दिशाहीन भटकंतीचा नियम असा, की अंतर दहापट झाले तर लागणारा वेळ शंभरपट होतो. लहान रेणू एक मायक्रोमीटर अंतर मिलिसेकंदाहूनही कमी वेळात कापतो. एक सेंटिमीटरसाठी मात्र त्याला सुमारे १४ तास लागतात आणि एक मीटरसाठी तब्बल १६ वर्षे! आता आपल्या कण्यापासून पावलापर्यंत जाणाऱ्या चेतातंतूची लांबी सुमारे एक मीटर असते. मग पेशीत तयार झालेला माल त्याच्या टोकापर्यंत पोहोचतो कसा?

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने 'किनेसिन' हे नाव परीक्षेपुरते पाठ केलेले असते. ते प्रथिन पेशीत का असावे लागते, याचा उलगडा त्याला या गणितातून होतो. किनेसिन हा पेशीतला हमाल होय. तो माल पाठीवर घेऊन सूक्ष्मनलिकेवरून आठ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकतो आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्ची घालतो. एका मीटरला साडेबारा कोटी पावले पडतात. तरीही चेतातंतूतील जलद वाहतूक दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटरपर्यंत पल्ला गाठते. सोळा वर्षांचे काम अडीच-तीन दिवसांवर येते.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही धक्का बसतोच. नोबेल पारितोषिक विजेते एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवून दिले, की पोहणाऱ्या जिवाणूने हालचाल थांबवली तर तो अणूच्या व्यासाइतकाही पुढे घसरत नाही. शाळेपासून अंगवळणी पडलेले जडत्व तेथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. परिचित नियमांपैकी कोणता कोठे प्रभावी, हे त्याला नव्याने तपासावे लागते.

हा केवळ बौद्धिक व्यायाम नव्हे. किनेसिनच्या एका जनुकातील दोषामुळे पाय हळूहळू ताठर व दुर्बल होत जाणारा आनुवंशिक विकार उद्भवतो. सर्वांत लांब चेतातंतूंना त्याची झळ प्रथम का बसते, हे कळण्यासाठी प्रथिनाचे नाव जितके आवश्यक, तितकेच अंतराचे गणितही. एकाच बाकावर बसलेल्या दोघा विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाकडे त्यातले अर्धेच असते.