पेटीपुढे उघडं राहणारं पान

आमच्या घरी संगीताची मासिकं दोन जागी असायची. नानांची पेटीखाली आणि माझी गादीखाली.

वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ सालची. नाना तिथे नोकरीला होते. दिवसभर काडतुसांचं काम आणि संध्याकाळी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत गाण्याचा क्लास, असा त्यांचा शिरस्ता. १९७८ साली चार मुलींवर सुरू झालेला क्लास पुढे चाळीस जणांवर गेला. कॉलनीतली मुलं असायची, गावातले भजनी असायचे, भुसावळहून पॅसेंजरने येणारे एक-दोन रेल्वेवालेही असायचे.

नानांकडे मिरजेचं ‘संगीत कला विहार’ यायचं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने १९४७ मध्ये सुरू केलेलं हे मासिक. प्रा. बी. आर. देवधरांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. थोर गवयांवरचे त्यांचे लेख आधी इथेच वाचायला मिळाले. त्याच्या जोडीला हाथरसच्या ‘संगीत’चे जुने अंक होते. काका हाथरसींनी १९३५ मध्ये काढलेलं हे हिंदी मासिक. हास्यकवी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे काका. आमच्याकडच्या या सगळ्या अंकांची तऱ्हा एकच होती. साधा कागद, एक-दोन रंग, आणि आत स्वरलिपीच्या ओळीच ओळी. मला ते अंक रेल्वेच्या वेळापत्रकासारखे वाटायचे.

माझ्या गादीखालचा माल वेगळा होता. १९९३ मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ नावाचं इंग्रजी मासिक निघालं. मुंबईत नाही, दिल्लीत नाही, अलाहाबादेत! कॉलेजातल्या एका मित्राच्या भावाने गाडीतून येताना त्याचा एक अंक आणला. तो हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याचे कोपरे झिजले होते. गिटारवाले, मोकळे केस, वेडीवाकडी अक्षरं. इंग्रजी अर्धंमुर्धंच कळायचं, गाणी तर एकही ऐकलेली नव्हती. तरी वाटायचं, हे मासिक माझ्यासाठीच काढलंय. न ऐकलेल्या गाण्याचं वेड नुसत्या कागदाने लावलं, म्हणजे त्या कागदात काहीतरी जादू असणारच.

त्या जादूमागे लागूनच मी जळगावच्या एका ऑफसेट प्रेसमध्ये पानं लावायला शिकलो. तिथे कळलं की या जादूलाही हिशेब असतो. स्टॉलवर मासिकं एकमेकांवर अर्धी झाकून मांडलेली असतात. दिसतो तो वरचा भाग आणि डावी कड. म्हणून नाव वर आणि मुख्य मथळा डावीकडे. मुखपृष्ठावरचा चेहरा आपल्याकडे पाहत असला की आपणही थबकतो. अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा. त्यावर सैनिकी टोप घातलेला जॉन लेनन होता, आणि कागद होता वर्तमानपत्राचा. लेननच्या हत्येनंतर, जानेवारी १९८१ मध्ये, त्याच मासिकाने त्याचा आणि योको ओनोचा फोटो छापला. नाव सोडलं तर मुखपृष्ठावर एकही मथळा नव्हता. ज्याला कळायचं त्याला कळलं. अमेरिकेतल्या मासिक संपादकांच्या संस्थेने २००५ मध्ये त्याला आधीच्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ ठरवलं.

आपल्याकडेही हे ठाऊक होतंच की! दिवाळी अंक विकत घेताना आपल्या आई-वडिलांनी आधी दलालांचं किंवा मुळगावकरांचं चित्र पाहिलं, मग अनुक्रमणिका. ‘आवाज’ची खिडकी उघडून पाहण्यासाठी तर घरात भांडणं व्हायची.

ही सगळी विद्या वापरायची संधी मला २००३ मध्ये मिळाली. क्लासला पंचवीस वर्षं झाली होती आणि नाना त्याच वर्षी निवृत्त झाले होते. त्यांनी बांधलेल्या अकरा बंदिशी वहीतच पडून होत्या. त्या स्मरणिकेत छापायच्या ठरल्या. खर्च नानांच्या निवृत्तीच्या पैशांतून. प्रती पाचशे.

“तू करतोस ना हे काम? मग तुला योग्य वाटेल तसं कर,” नाना म्हणाले. त्यांनी एवढा विश्वास माझ्यावर पहिल्यांदाच टाकला होता.

मी सगळं पणाला लावलं. गुळगुळीत आर्ट पेपर, मुखपृष्ठावर काळ्या पार्श्वभूमीवर तंबोऱ्याची सोनेरी तार. आत बंदिशींची पानं काळी, अक्षरं पांढरी. पानाला हवा मिळावी म्हणून अक्षर बारीक ठेवलं, आठ पॉइंटचं. बांधणी गोंदाची, कणा सरळ, अगदी पुस्तकासारखी. प्रेसमधल्या मंडळींनी पाठ थोपटली.

समारंभाला क्लासच्या मुली नानांची पहिली बंदिश स्मरणिकेत बघूनच गाणार होत्या. पेटीवरच्या मुलीने अंक पुढ्यात ठेवला. तो मिटला. तिने उघडला, पुन्हा मिटला. तिचा डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. अंक धरायला तिसरा हात आणायचा कुठून? कोणीतरी त्यावर पाण्याचा पेला ठेवला. मग वरच्या ट्यूबलाइटचा प्रकाश त्या गुळगुळीत काळ्या पानावर चमकायला लागला. स्थायी कशीबशी झाली. अंतऱ्यासाठी पान उलटायचं होतं. ती थांबली, पाठोपाठ सगळ्याच थांबल्या.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे भजनी नंतर माझ्याजवळ आले. “भो, पुस्तक झकास झालं,” ते म्हणाले, “पन मले त्यातलं काहीच दिसत नही.”

नाना काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. रात्री त्यांनी पेटीखालून मिरजेचा एक जुना अंक काढला, पेटीपुढे जमिनीवर ठेवला आणि वाजवत बसले. अंक मध्यभागी पिना मारलेला होता. तो निमूट सपाट पडून राहिला. मी दारातून ते पाहत होतो. इतकी वर्षं ज्याला वेळापत्रक म्हणून हसलो, त्याचा वाचक कसा बसतो हे छापणाऱ्याला माहीत होतं. मला माझ्याच घरातला वाचक माहीत नव्हता.

त्यानंतर मी ते अंक नव्याने पाहिले. पंडित भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आपापल्या स्वरलिप्या रूढ केल्या. पलुस्करांनी तर पुस्तकं छापण्यासाठी स्वतःचा छापखाना घातला. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. एवढ्याशा खुणा, पण एक टिंब पुसट उठलं की सूर अख्खं सप्तक घसरतो. शिशाचे खिळे जुळवणाऱ्याने हे कसं सांभाळलं असेल, याचा विचार करून बघा. तीनतालाच्या सोळा मात्रा एका ओळीत बसल्या पाहिजेत. पान अरुंद असलं तर ओळ तुटते, आणि सम कुठे हे डोळ्याला सापडत नाही. म्हणजे त्या रुक्ष दिसणाऱ्या पानावरही आखणी होती. ती स्टॉलपुढच्या गिऱ्हाइकासाठी नव्हती, गाणाऱ्यासाठी होती.

पुढच्या वर्षी मी माझ्या खर्चाने ती पुस्तिका पुन्हा केली. आधी महिनाभर संध्याकाळी क्लासमध्ये नुसता बसलो. पेटीपासून कागद किती लांब असतो ते पट्टीने मोजलं. मग पान आडवं केलं, म्हणजे सोळा मात्रा एका ओळीत मावल्या. अक्षर सोळा पॉइंटचं. कागद मळकट पांढरा, न चमकणारा. बांधणी मध्यभागी दोन पिनांची. डाव्या पानावर स्थायी, उजव्यावर अंतरा, म्हणजे बंदीश संपेपर्यंत पान उलटायला नको. मुखपृष्ठावर काय असावं, हे मी त्या भजनीबाबांनाच विचारलं. “मास्तरचं नाव टाक, मोठं,” ते म्हणाले. तेवढंच टाकलं.

नानांनी ती पाहिली, उलटसुलट केली आणि पेटीपुढे ठेवली. पूर्ण बंदीश वाजवली. शेवटी म्हणाले, “मिटत नाही रे ही.” मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी हीच.

ती काळी, देखणी स्मरणिका चूक होती असं मात्र मी म्हणणार नाही. अलाहाबादच्या त्या झिजलेल्या अंकाने मला न ऐकलेल्या संगीताच्या दारात नेलं, आणि तेही मासिकाचं एक कामच आहे. पण दारात नेणं वेगळं, घरात बसवणं वेगळं. बाहेरच्याला बोलवायला चेहरा लागतो, आत बसलेल्याला उजेड लागतो.

नाना आता नाहीत. क्लास त्यांची एक शिष्या चालवते. हल्ली मुली बंदिशीचा फोटो मोबाइलवर घेतात आणि पेटीला टेकवून ठेवतात. मागच्या खेपेस गेलो तेव्हा एकीचा फोन समेवर यायच्या आतच काळा झाला. तिने एका हाताने तो बाजूला सारला आणि पेटीखालून नानांची पुस्तिका ओढली. पिना गंजल्या होत्या.

पान मात्र उघडं राहिलं.